पुरून उरणारा रस्सा

चार माणसांचा स्वयंपाक झालेला असताना ऐनवेळी आणखी तिघे जेवायला आले, तर घरातल्या बाईची भिस्त रश्श्यावर असते. तो वाढवता येतो. मात्र नुसते पाणी ओतले तर पहिल्या घासालाच कळते. म्हणून आधणाचे पाणी घालायचे, बाजूला राखलेले वाटण त्यात कालवायचे, वरून चटणीची फोडणी द्यायची आणि पुन्हा एक कढ आणायचा. सातारा-सांगलीच्या रश्श्याचे कौतुक करताना आपण त्याच्या तिखटावर थांबतो. मला तिखट हा त्याचा दुय्यम गुण वाटतो. थोडक्या ऐवजात अनेकांना भागवणे हे त्याचे मूळ काम आणि त्याची चव त्या कामातून आली.

या मुलखाकडे पाहिले की हे पटते. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि त्याच सातारा जिल्ह्यात माण-खटाव कोरडे. सांगलीत कृष्णाकाठी ऊस, तर जत-आटपाडीकडे टँकरची वाट. अशा भागात मटण म्हणजे जत्रेचे जेवण. एका बोकडावर सगळी भावकी आणि पाहुणेरावळे जेवायचे, तर फोडी मोजक्याच आणि रस्सा पातेलेभर हेच गणित बसते. एरवी मटकी, मसूर, हुलगे. हुलग्याचे माडगे करावे, पुरणासाठी शिजवलेल्या डाळीवरचे पाणीसुद्धा टाकू नये, त्याची येळवणीची आमटी करावी. इथल्या स्वयंपाकात वाया जाणारे पाणी फार थोडे.

अशीच गोष्ट अमेरिकेतल्या लुइझियानाची. 1755 पासून इंग्रजांनी आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातून तिथल्या फ्रेंचभाषक शेतकऱ्यांना हुसकून लावले. त्यांतले अनेक पुढे लुइझियानाच्या दलदलीच्या मुलखात वसले. हेच पुढे केजन म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांच्या गंबो नावाच्या रश्श्यात जे हाती लागेल ते पडते: कोंबडी, कोळंबी, खेकडा, धुरी दिलेले सॉसेज. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी त्यात भेंडी आणली, तिथल्या मूळच्या चोक्टॉ लोकांनी ससाफ्रास झाडाच्या पानांची पूड दिली. भात वाढायचा, त्यावर हा दाट, तिखट रस्सा घालायचा. एक पातेले आणि खाणारी तोंडे पुष्कळ, हा हिशेब तिथेही तोच.

दोन्हीकडे चवीचा पाया भाजण्यात आहे. आपण कांदा, सुके खोबरे, तीळ, खसखस खरपूस भाजून वाटतो. केजन घरात तेल आणि गव्हाचे पीठ निम्मेनिम घेऊन मंद आचेवर अर्धा-पाऊण तास ढवळतात. पीठ चिंचोक्याच्या रंगावर आले की मगच कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची पडते. पीठ जितके गडद, तितकी चव खोल; पण दाटपणा आणायची त्याची ताकद तितकी कमी. म्हणून भेंडीची किंवा पानांच्या पुडीची जोड लागते. आपल्या रश्श्यावरच्या तवंगाचेही कारण असेच साधे आहे. मिरचीचा रंग आणि तिखटपणा पाण्यात फारसा उतरत नाही, तेलात उतरतो. तेलात चटणी परतली नाही, तर रस्सा फिका आणि तरीही झोंबरा होतो.

सांगलीच्या घरात गंबो करायचाच असेल, तर फारसे अडत नाही. सेलरीऐवजी कोथिंबिरीचे देठ चालतात, केजन मसाल्याऐवजी बेडगीचे तिखट, मिरे आणि लसूण. सॉसेज नसेल तर कोंबडी पुरे. भात मोकळा हवा. अडते ते भेंडीपाशी. आपण भेंडी धुऊन पुसतो, चिकटपणा मरावा म्हणून आमसूल टाकतो. तिथे तोच चिकटपणा कामाला लावतात. एकाच भाजीतला दोष आणि गुण पातेले बदलले की जागा बदलतात.

मग अस्सल म्हणजे काय? ज्या मिरचीवाचून आपल्याला रस्सा सुचत नाही, ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर इकडे आली, आणि तीही अमेरिका खंडातूनच. रंगासाठी लागणारी बेडगी कर्नाटकातून येते. उरते ते कसब. चैत्र-वैशाखात मिरच्या वाळवायच्या, कांदा-लसणासह मसाला डंकावर कुटून आणायचा आणि वर्षभर पुरवायचा. हाच मसाला मुंबईच्या गिरणगावातल्या खोल्यांमध्ये आणि खानावळींत गेला; विटा-आटपाडीकडच्या, सोने-चांदी गाळणाऱ्या गलाई कारागिरांच्या संसाराबरोबर देशभरच्या शहरांत गेला. परमुलखात माणसाला गाव नेता येत नाही, डबाभर चटणी नेता येते.

पण टंचाईचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकली जाते. रस्सा सगळ्यांना पुरला, म्हणजे सगळ्यांना सारखा मिळाला असे नाही. आधी पुरुषांची पंगत बसे, फोडी तिथे जात. बायकांच्या वाट्याला पातेल्याच्या तळचा, वाढवून वाढवून पातळ झालेला रस्सा येई. गावजेवणात कोण कुठे बसणार, हे जात ठरवत असे. पाणी घालण्याची ती युक्ती ज्या बाईच्या हातची, तिच्याच ताटात ते पाणी सर्वांत जास्त असे. गंबोच्या इतिहासातही हेच दिसते: भेंडी आणणाऱ्यांच्या पायात साखळ्या होत्या. गरजेने शिकवलेल्या कलेला दाद द्यावी, त्या गरजेला नव्हे.

आता निदान अनेक घरांत फोडींची मोजदाद उरलेली नाही. कराडपासून पेठ नाक्यापर्यंतच्या ढाब्यांवर अख्खा मसूर लोक गाडी थांबवून चवीने खातात. गरिबाचे कडधान्य आवडीचा पदार्थ झाले. मसाला पाकिटात मिळतो. हे चांगलेच झाले. डंकापुढे रांगेत बसण्यात काही पुण्य नव्हते. अडचण एवढीच, की भरपूर असले की भाजण्याचा धीर सुटतो आणि कमी पडलेली चव लोणी, मलई घालून भरून काढली जाते. असा रस्सा महाग होतो, खोल होत नाही.

म्हणून गंबो असो वा रस्सा, घरी करताना दोन गोष्टी जुन्या ठेवाव्यात: मंद आच आणि पुरवून खाण्याची अक्कल. आणि एक बदलावी. पीठ पाऊण तास ढवळायचे असते, हे पाककृतीत लिहिलेले असते. कोणी ढवळायचे, ते लिहिलेले नसते. ते काम घरातल्या सगळ्यांच्या पाळीत आले, तर शेवटचे ताट कोणाचे, हे आधीच ठरलेले राहणार नाही.