डागडुजी आणि सचोटी

१९८३ पासून २०१४ पर्यंत निघालेल्या मारुती ८०० गाडीचा बंपर तडकला, म्हणजे कारागीर तड्याच्या दोन्ही कडांना भोंकें पाडून तारेनें टांके घालतो. हें प्लास्टिक बहुधा पॉलिप्रॉपिलीन असतें. त्यावर सरस टिकत नाहीं, परंतु तें उष्णतेनें वितळतें, म्हणून कोणी तापलेल्या सळईनेंहि सांधतो. माझ्या गाडीस असे सात टांके आहेत. (विद्यार्थी त्यास शस्त्रक्रिया म्हणतात, म्हणोत बापडे!)

गाडी विकावयास काढली तेव्हां कारागीर म्हणाला, "सर, वरून पुट्टी मारून रंग देतों; कोणाला कळणार नाहीं." प्रश्न येथेंच उद्भवतो. टांके घालणें व टांके झांकणें, दोन्ही डागडुजीच. मग दुसरीचा संकोच कां वाटावा? कोणी म्हणेल, घेणारा पाहूनच घेतो. पण त्यानें पाहूं नये हाच रंगाचा हेतु असेल, तर हा युक्तिवाद उरतो कोठें? गाडी मीच वापरणार असतों, तर त्याच रंगांत कांहींहि दोष नव्हता. तेव्हां दोष रंगांत नसून, तो कोणाच्या डोळ्यांसाठीं लावला यांत आहे.

मी नकार दिला. पहिल्याच गिऱ्हाइकानें टांके पाहून चार हजार रुपये कमी केले, आणि परत येतांना मला त्या रंगाची पुन्हा आठवण झाली.