देवालयाची रंगरंगोटी



देहालाच देवालय मानणारे महात्मा बसवण्णांचे वचन आपल्या घराघरांत पाठ आहे. परंतु मुलीला पाहायला पाहुणे येणार असे ठरले, की त्याच घरात या देवालयाचा रंग बदलण्याची घाई सुरू होते. "त्वचेच्या डॉक्टरकडे नेऊन हिला उजळ करून घ्यावे का?" असे माता मठात येऊन हळूच विचारतात.

कोणी म्हणेल, शरणांना देहाच्या सजावटीशी काय कर्तव्य? अक्कमहादेवींनी तर वस्त्रही त्यागले. खरे आहे, पण अक्कांचे वैराग्य दुसऱ्याच्या लेकीवर लादण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? भाजल्याच्या व्रणामुळे तोंड लपवणारी, कोडाच्या डागांमुळे लग्नकार्यास न जाणारी व्यक्ती उपचार घेते, त्यात पाप नाही. देवालयाची भिंत खचली तर आपण डागडुजी करतोच. तसा उपचार करणे हे डॉक्टरांचे सत्य कायक होय.

सावळा रंग मात्र रोग नव्हे. रोज विभूती लावून डाव्या तळहातावर आपण जे इष्टलिंग घेतो, त्याचे आवरण काळेभोर असते. त्यावर दृष्टी स्थिर करताना ते गोरे असावे असे कोणाच्या मनात येते काय? त्वचेतील मेलॅनिन हे द्रव्य सूर्याच्या अतिनील किरणांपासून देहाला जपते. ते घालवण्यासाठी शेजारणीच्या सांगण्यावरून जी ट्यूब आणली जाते, तिच्यात पुष्कळदा स्टेरॉइड आणि हायड्रोक्विनोन असते. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, घरचे हरखतात. पुढे कातडी पातळ होऊन लाल पडते, उन्हात जळजळते, पुरळ उठते, गालावर लव वाढते. आणि मलम थांबवले की चेहरा अधिकच भडकतो. म्हणूनच सरकारने २०१८ साली अशी अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. १९७५ साली बाजारात आलेल्या एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातून 'फेअर' हा शब्दही २०२० साली गेला. (आपल्या वधू-वर सूचक पत्रिकांतून 'गोरी' अजून गेलेली नाही!)

निरोगी मुलीला पाहून "बाळ, तुला काहीही झालेले नाही" असे सांगणाऱ्या डॉक्टरची पुढची फी बुडते. तिलाच भीती घालून सहा बैठकांचे पैसे आगाऊ घेणाऱ्याची कमाई वाढते, पण ते कायक नव्हे. त्यातून दासोह घडत नाही.

तेव्हा मातांनो, व्रण असेल, डाग असेल, तर शिकलेल्या त्वचारोगतज्ज्ञाकडे अवश्य जा. केवळ रंगासाठी जायचे असेल, तर आधी मुलीला एकटीला जवळ बसवून विचारा, हे तिला हवे आहे की पाहुण्यांना.