तीन मिनिटांत न मावलेला धवला

आगरी लग्नातला धवला कुणी रचला, हा प्रश्न ठाणे-कल्याणच्या गावांत कुणी विचारत नसे. मांडव पडला की धवलारीण गायला बसायची. देवांना आवतण, हळद, पुढचा एकेक विधी तिच्या गाण्यानं पुढे सरकायचा. विधी रेंगाळला की धवलाही लांबायचा. घाई कुणालाच नव्हती.

ग्रामोफोन आला तो घड्याळ घेऊनच. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीनेक मिनिटांत संपे. १९०२ साली कोलकात्यात गौहर जाननं त्या मापात राग बसवून दाखवला. धवला मात्र विधीपासून तोडला तर उरतो किती?

अमेरिकेतही खेड्यातलं गाणं असंच कापून-बेतून बाजारात आलं. १९२३ साली अटलांटात राल्फ पीअर या ध्वनिमुद्रकानं फिडलर जॉन कार्सनचं गाणं मुद्रित केलं. पीअरला ते मुळीच आवडलं नव्हतं. पण तिथल्या एका विक्रेत्यानं ५०० प्रती मागवल्या, त्या हातोहात खपल्या आणि पीअरचे कान एकदम उघडले! १९२७ साली ब्रिस्टल गावात त्यानं कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांना गाठलं. त्याला गाणी अशी हवी होती, ज्यांवर हक्क सांगता येईल. मग त्या कुटुंबातला ए. पी. कार्टर डोंगराळ वस्त्यांतून जुनी गाणी गोळा करू लागला आणि त्यांतली कितीतरी त्याच्या नावावर नोंदली गेली. कुणाचंच नसलेलं गाणं तिथं कुणाच्या तरी मालकीचं झालं.

आपल्याकडे तबकडीला मानवलं ते कोळीगीत. ठेका पक्का, पाठीला कोरस, आटोपशीर. नायगावचे विठ्ठल उमप ते झोकात गायले. ‘मी डोलकर’ लिहिलं शान्ता शेळक्यांनी, चाल हृदयनाथांची, गळे लता मंगेशकर आणि हेमंतकुमारांचे. यांत कोळी कुणीच नाही. गाणं सुरेखच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण शहरानं दर्या ओळखला तो त्यातून, आणि खाडीकाठी मिठागरं नि भातशेती राखणारा आगरी त्या चित्राबाहेरच राहिला.

कंपन्यांना कप्पेही लागतात. पीअरच्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्यांची गाणी एका यादीत, गोऱ्यांची दुसरीत. गायक मात्र एकमेकांकडून सर्रास शिकत होते. आपल्या दुकानांतही भक्तिगीतं एका फळीवर आणि भीमगीतं दुसरीवर. कल्याणच्या शिंदे घराण्यातले प्रल्हाद शिंदे दोन्हीकडे सापडत. पंढरीची वाट चालवणारा आणि बाबासाहेबांना गाणारा गळा एकच. समीक्षकांनी त्यांची दखल उशिरा घेतली. रिक्षा-टेम्पोवाल्यांनी वेळेवर घेतली होती.

१९८०च्या दशकात कॅसेट आली आणि मोठ्या स्टुडिओची मक्तेदारी सैल झाली. त्याच घराण्यातल्या आनंद शिंदेंचा ‘नवीन पोपट’ गल्लोगल्ली वाजला. तीन मिनिटांची सक्तीही गेली, कारण कॅसेटची एक बाजू अर्धा तास चाले. तरी धवल्याला त्यात फारशी जागा मिळाली नाही. तोवर लोकगीताची व्याख्याच ‘ठेक्यावर नाचता येईल ते’ अशी होऊन बसली होती.

आज डोंबिवलीजवळच्या गावांत हळदीच्या रात्री डीजेवर आगरी गाणी वाजतात. आगऱ्यांचीच, आगरी बोलीतली. ही मोठी गोष्ट आहे, नाकं मुरडणाऱ्यांनी मुरडावीत. मोबाइलवर त्या गाण्यांखाली गीतकार, संगीतकार, निर्माता सगळे नावानिशी दिसतात. उद्या कुणी धवल्याच्या चालीवर गाणं बेतलं, तर जिच्या तोंडून ती चाल ऐकली त्या धवलारणीचं नाव आधी यावं, गीतकाराचं मागून.