नक्कल आणि लबाडी

जुन्या खिशातल्या घड्याळाचे यंत्र पितळ-पोलादाचे असे. सोने लागे ते वरच्या डबीला, साखळीला आणि किल्लीला. म्हणजे चारचौघांच्या नजरेला पडणाऱ्या भागाला. नकली सोन्याने शिरकाव केला तो इथेच.

अठराव्या शतकाच्या बहुतेक काळात इंग्लंडमध्ये सोन्याच्या वस्तूंसाठी २२ कॅरट हाच कायदेशीर कस होता. १८ कॅरटला परवानगी मिळाली ती १७९८ साली. मध्यम ऐपतीच्या गिऱ्हाइकाला हलक्या कसाचा पर्याय नव्हता. ही उणीव भरून काढली लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील घड्याळजी क्रिस्टोफर पिंचबेक (मृत्यू १७३२) याच्या मिश्रधातूने. त्यात तांबे आणि जस्तच असे, पण जस्त नेहमीच्या पितळेपेक्षा बरेच कमी. त्यामुळे पितळेचा फिका पिवळेपणा जाऊन सोन्याची लालसर झाक येई. घड्याळाच्या डब्या, बकले, कमरेच्या साखळ्या असा बराच माल या धातूचा निघाला. १८४० मध्ये एल्किंग्टनला विजेच्या मुलाम्याचे पेटंट मिळाले, १८५४ मध्ये ९ कॅरटही कायदेशीर झाले आणि पिंचबेकचे दिवस सरले.

हिऱ्याची नक्कल याच काळातली. पॅरिसच्या जॉर्ज फ्रेडरिक स्ट्रासने शिशाच्या काचेला पैलू पाडून असे खडे बनवले की त्याला १७३४ मध्ये राजाचा जवाहिऱ्या हा मान मिळाला. हा खडा झळाळतो, पण काच मऊ असते. भिंगाखाली पैलूंच्या कडा झिजून गोलसर झालेल्या दिसतात. हिऱ्याच्या कडा धारदार राहतात.

या दोन्ही वस्तू आपापल्या नावाने विकल्या गेल्या तोवर त्यांत कोणाची फसवणूक नव्हती. घोळ सुरू होतो तो वस्तू नाव लपवते तेव्हा. १८५९ मध्ये अमेरिकेत जेम्स बॉसने पेटंट घेतलेल्या डबीत पितळेच्या दोन्ही अंगांना सोन्याचा पातळ पत्रा बसवलेला असे. पुढे अशा डब्यांवर २० किंवा २५ वर्षांची हमी कोरली जाऊ लागली. म्हणजे वरचे सोने केव्हातरी झिजणार, याची ती कबुलीच होती. झाकणाच्या कडेला आणि कडीखाली, जिथे बोट सतत लागते, तिथे आतले पितळ आधी उघडे पडते. हमीच्या वर्षांचा आकडा असलेली डबी निखळ सोन्याची म्हणून खपवली गेली, तर दोष धातूचा नसून विकणाऱ्याचा असतो.

घड्याळाच्या आतली गोष्ट याहून वेगळी. चाकांच्या आसांखाली झीज टाळण्यासाठी भोक पाडलेले माणिक बसवण्याची कल्पना १७०४ च्या लंडनच्या पेटंटातली. १९०२ मध्ये ऑग्युस्त व्हर्नेईने ज्वालेत माणिक घडवण्याची पद्धत जाहीर केली आणि घड्याळांत कारखान्यातले माणिक आले. खाणीतल्या माणकासारखेच तेही क्रोमियमचा अंश असलेले ॲल्युमिनियम ऑक्साइड, कठीणपणाही तोच. आसाला आधार देण्याच्या कामात दोन्ही बरोबरीचे, उलट कारखान्यातले एकसारखे आणि स्वस्त. हेच माणिक अंगठीत जडवून खाणीतले म्हणून विकले, तर मात्र ती लबाडी ठरते. कारण अंगठीच्या गिऱ्हाइकाने दुर्मीळपणाचेही पैसे मोजलेले असतात.

म्हणून अशा वस्तूची पारख करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात: पदार्थ नेमून दिलेले काम करतो का, आणि विकताना त्याची ओळख खरी सांगितली होती का. पिंचबेकची डबी दोन्ही कसोट्यांना उतरते; सोन्याच्या भावाने विकलेली मुलाम्याची डबी दुसऱ्या कसोटीवर नापास होते.