दोर धरावा, गाठ मारू नये

ज्याने उपकार केला, त्याने उपकृताकडून कृतज्ञतेची अपेक्षा धरावी काय? प्रश्न जुना आहे. कोणालाही विचारा, तो चटकन ‘धरू नये’ असे उत्तर देईल. आणि ज्या पुतण्याला शिकवले तो दिवाळीला आला नाही म्हणून घरी जाऊन कुरकुरेल. आम्हीही या कुरकुरणाऱ्यांतलेच आहोत, हे आधीच कबूल करतो. या वेळी हा प्रश्न एका दूरदेशीच्या कालव्याच्या निमित्ताने तपासून पाहू.

स्कॉटलंडमध्ये कॅलिडोनियन नावाचा कालवा आहे. इनव्हर्नेसपासून कॉर्पाकपर्यंत सुमारे ९७ किलोमीटरची ही जलवाट दोन बाजूंच्या समुद्रांना जोडते. तिच्यापैकी सुमारे एक तृतीयांश भाग माणसांनी खणला. उरलेली वाट नेस, ओइक, लॉखी अशा सरोवरांतून जाते. टॉमस टेलफर्ड या अभियंत्याच्या हाताखाली १८०३ साली काम सुरू झाले आणि १८२२ साली वाट खुली झाली. उत्तरेकडच्या वादळी समुद्राचा वळसा जहाजांना टळावा आणि देश सोडून निघालेल्या डोंगरी लोकांना मजुरी मिळावी, असे दोन्ही हेतू त्यामागे होते. आज तेथून मुख्यतः हौशी लोकांच्या लहान होड्या जातात.

आता पाहा, समुद्र खाली आणि मधले ओइक सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे १०६ फूट उंच. मग होडी डोंगर चढते कशी? त्यासाठी वाटेत २९ ‘लॉक’ बांधले आहेत. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला मोठा दगडी हौद. होडी खालच्या दाराने आत येते, दार मिटते, वरच्या बाजूचे पाणी झडपांतून हौदात सोडतात आणि पाण्याबरोबर होडी वर येते. हौदातले पाणी व वरचे पाणी एका पातळीवर आले म्हणजेच वरचे दार उघडते. त्याआधी कितीही जोर लावा, दारावर पाण्याचा एवढा भार असतो की ते हलत नाही. पूर्वी ही दारे माणसे फिरवीत, आता यंत्रे फिरवतात. नियम तोच आहे. समता आल्यावाचून दार उघडत नाही.

हे सर्व आम्हांला सांगितले ते आमच्याच बोर्डिंगात वाढलेल्या एका मुलाने. वडील लवकर गेले, म्हणून मठाने त्याला ठेवून घेतले. दासोहात जेवला, शिकला, इंजिनिअर होऊन परदेशी गेला. पहिली काही वर्षे सुट्टीत येई. वार्षिक सभेत आम्ही त्याला सर्वांसमोर उभे करीत असू आणि म्हणत असू, “पाहा, हा मठाच्या अन्नावर वाढला.” पुढे त्याचे येणे थांबले, पत्रेही थांबली. आम्ही चारचौघांत त्याला कृतघ्न म्हटले. एकदा नव्हे, अनेकदा म्हटले.

मागच्या श्रावणात तो अचानक आला. संध्याकाळी ओसरीवर बसून त्याने आपल्या मित्राच्या शिडाच्या होडीतून केलेल्या या प्रवासाची हकीकत सांगितली. इनव्हर्नेसहून चढत ओइकपर्यंत, मग उतरत बॅनव्हीपर्यंत. बॅनव्हीला एकाला एक लागून आठ लॉक आहेत. त्याला तिकडे ‘नेपच्यूनचा जिना’ म्हणतात. नेपच्यून म्हणजे रोमन लोकांचा समुद्रदेव. तो जिना उतरायला दीड-दोन तास लागतात. तेथे या मुलाच्या हाती होडीचा दोर दिला होता. तो दोर काठावरच्या खुंटाला वळसा घालून हातात धरायचा, होडी उतरेल तसा सैल सोडायचा, पण गाठ मारायची नाही. का? तर पाणी खाली जाते आणि गाठ मारलेली होडी वरच अडकून कलंडते.

एवढे सांगून तो थांबला. मग म्हणाला, “स्वामीजी, माझी नोकरी गेली होती. दोन वर्षं हाताला काम नव्हतं. तेव्हा मठात यावं असं फार वाटलं. पण सभेत ज्याचं उदाहरण देतात, त्यानं रिकाम्या हातानं कसं यायचं?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्याच्या चढत्या काळात आम्ही गाठ मारली होती आणि त्याच्या उतरत्या काळात तो तिला लोंबकळत राहिला. ज्या दारात त्याने संकटात यावे, ते दार आमच्याच शब्दांनी बंद केले होते.

कोणी म्हणेल, मग कृतज्ञता हा सद्गुण नव्हे काय? आहे. लॉकमध्ये पाणी सुटते तेव्हा मोठी खळबळ होते. दोरच धरला नाही तर होडी भिंतीवर आपटते. म्हणून ज्याला वर यायचे आहे, त्याने दोर सोडू नये. पण तो धरायचा होडीवाल्याने. त्याला गाठ मारणे हे काठावरच्याचे काम नव्हे.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. होडी चढो वा उतरो, प्रत्येक वेळी वरचे पाणी खालीच जाते. दिलेले परत चढत नाही. परंतु वरच्या सरोवराने ते पाणी तरी कोठे निर्माण केले? डोंगरावर पाऊस पडतो, ओढे-नद्या ते आणून देतात. आमच्या कोठारातली ज्वारीही आम्ही पिकवली नव्हती. शेतकऱ्याने पोती आणून टाकली, कोणी दळले, कोणी भाकरी थापल्या. आणि ‘आमच्या अन्नावर वाढला’ असे सांगायला आम्ही पुढे झालो. जो मधला हौद, त्याने सरोवराचा मान मागितला!

दुसऱ्या दिवशी तो पंक्तीत जेवला आणि निघाला. पुन्हा कधी येशील, हे आम्ही विचारले नाही. मनात आले होते. यंदाच्या वार्षिक सभेत कोणत्याही मुलाला उभे केले नाही. काही देणगीदारांना ते रुचले नाही, तेही त्यांनी बोलून दाखवले.

वाचकहो, आपणही कोणाला तरी हात दिला असेल. भावाला, पुतण्याला, शेजारच्या पोराला. त्याची आठवण करा आणि पाहा, त्याचा दोर त्याच्या हाती आहे, की आपण खुंटाला गाठ मारून बसलो आहोत? गाठ असेल तर आजच सोडा. त्याचे पाणी कधी उतरू लागेल, हे आपल्याला कळणार नाही.