बॅनरवर जवान, बांधावर नांगर

टाळ्या बंद करा आणि खाली बसा. टाळ्या वाजवण्यासारखं अजून काही झालेलं नाही. मागच्या रांगेतल्यांनी मोबाईल खिशात घालावेत. रील नंतर काढा, आधी ऐकून घ्या.

हा खोका दहावीच्या वर्गाने आठवडाभर वर्गणी काढून भरला. आपल्याच शाळेत शिकलेला मुलगा फौजेत आहे, सध्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दक्षिण सुदानला आहे, त्याला दिवाळीचा फराळ पाठवायचा. हेतू चांगला. हेतूचे शंभरपैकी पाच गुण देते. उरलेल्या पंच्याण्णवांचं आता बघू.

या करंज्या कोणी आणल्या? वर्तमानपत्रात गुंडाळून? कागद तेलाने पारदर्शक झालाय, कालची करंजी आजच मऊ पडलीय. आतलं खोबरं आफ्रिकेच्या उन्हात पोचेपर्यंत खवट होणार. घरी आईला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, लांबच्या प्रवासाला शंकरपाळी द्यावी, कडक तळलेला चिवडा घट्ट झाकणाच्या डब्यात द्यावा. पण विचारायला वेळ कुणाला होता? खाली हात घातला तर काय लागलं, मोसंबी! आपल्या जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालंय हे मला ठाऊक आहे. म्हणून ती टपालाच्या पोत्यात टिकते असं नाही. आणि हे फुलबाज्यांचं पाकीट कोणत्या शहाण्याचं? टपालात स्फोटक, ज्वालाग्राही वस्तू चालत नाहीत, हे पोस्टात भिंतीवर लावलेलं असतं. नववीला विज्ञानात तुम्हाला गुण कोणी दिले याचा मला तपास करावा लागेल. बहुतेक मीच दिले असतील.

आता पत्ता वाचा. मोठ्याने वाच रे. ‘भारतीय जवान, सुदान बॉर्डर, आफ्रिका.’ वा! अरे, दक्षिण सुदान ९ जुलै २०११ ला सुदानपासून वेगळा देश झाला. तुमच्यातले बरेच जण त्या आसपासच जन्मले, इतकी ताजी गोष्ट आहे. फौजेतल्या माणसाच्या पत्त्यात त्याचा नंबर लागतो, हुद्दा लागतो, नाव लागतं, युनिट लागतं आणि शेवटी ‘केअर ऑफ ५६ एपीओ’. गावाचं किंवा देशाचं नाव त्यात नसतंच. तो कुठे आहे हे पाकिटावर कळू नये म्हणून लष्कराचं टपालखातं वेगळं चालतं. हा पत्ता त्याच्या मायकडे लिहिलेला आहे. तिचं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर. गेलात का कोणी? नाही. इन्स्टाग्रामवर मात्र त्याचं नाव, तो कुठे आहे आणि सुट्टीवर कधी येणार, सगळं जाहीर करून मोकळे झालात. जुलै २०२० मध्ये लष्कराने आपल्या माणसांना फेसबुक, इन्स्टाग्रामसकट ८९ ॲप मोबाईलवरून काढून टाकायला सांगितली होती. ते काय गंमत म्हणून?

आणि वेळ! ५६ एपीओचं टपाल दिल्लीच्या बेस पोस्ट ऑफिसातून जातं, पुढे परदेशी. घटस्थापनेला पाठवायचा खोका वसुबारस तोंडावर आल्यावर भरताय. पोचेल तेव्हा इथे तुळशीची लग्नंही उरकलेली असतील.

बॅनरकडे वळू. वर्गणीतले अर्ध्याहून जास्त पैसे या फ्लेक्सला गेले, हिशेबाची वही मी पाहिली आहे. त्यावर चौदा चेहरे आहेत. गॉगल घातलेले सहा. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्याचा फोटो शोधायला मला चष्मा लावावा लागला. उजव्या कोपऱ्यात, मोबाईलच्या दुकानाच्या जाहिरातीच्या वर. खाली लिहिलंय, ‘सीमेवर शत्रूशी लढणाऱ्या वाघास’. तो सीमेवर नाही आणि तिथे त्याचा शत्रूही कोणी नाही. यादवीतून जीव वाचवून आलेली माणसं ज्या छावण्यांत राहतात त्यांच्या राखणीला निळी टोपी घालून उभं राहायचं, रस्त्यावर गस्त घालायची, दोन टोळ्या एकमेकांवर उठल्या की मध्ये थांबायचं, असं ते काम. स्वतःहून गोळी झाडायची नाही आणि पळायचं तर मुळीच नाही. आपल्या लष्कराचे पशुवैद्यही त्या देशात गेलेले आहेत. तिथली माणसं गुरांवर जगतात, गाय आजारी पडली तर घर बसतं. हे तुम्हाला सांगायला नको, लंपीच्या साथीत तुमच्याच गोठ्यांत काय झालं ते तुम्ही पाहिलंय.

हे काम सोपं वाटतं का? परेड मैदानावरचं निळं निशाण पाहिलं की वाटतं खरं. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया ५ डिसेंबर १९६१ ला काँगोमध्ये एलिझाबेथव्हिलला मारले गेले. शांतिसेनेतच होते. वय २६. शांतिसेनेत परमवीर चक्र मिळालेले ते एकमेव. खुद्द दक्षिण सुदानमध्ये ९ एप्रिल २०१३ ला जोंगलेई प्रांतात आपले पाच सैनिक दबा धरून बसलेल्यांनी मारले. आजही भारताची काही हजार माणसं संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांवर आहेत. काँगो, लेबनॉन, दक्षिण सुदान, सगळीकडे दिवाळी येते. दक्षिण सुदानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. इथे नरक चतुर्दशीला पहाटे पाच वाजता तुम्ही उटणं लावून ओरडत असता, तेव्हा त्याच्याकडे रात्रीचा दीड वाजलेला असतो आणि तो बहुधा पहाऱ्यावर असतो.

नीट पाठवायचं म्हणजे काय, याचा एक दाखला देते. दाखला साहेबाचा आहे, पण ऐका. १९१४ च्या नाताळात इंग्लंडच्या राजकन्या मेरीच्या नावाने फंड जमवून आघाडीवरच्या सैनिकांना पितळी डब्या पाठवल्या. गोऱ्यांच्या डबीत तंबाखू आणि सिगारेटी. पण फ्रान्सच्या चिखलात हिंदी पलटणीही होत्या. शीख तंबाखूला शिवत नाही, म्हणून त्याच्या डबीत खडीसाखर आणि सोबत मसाल्याची डबी. पाणी वाहणाऱ्या भिश्त्यालाही मसाल्याची डबी मिळाली, तो सुटला नाही. साम्राज्याला आपली माणसं तोफेच्या तोंडी द्यायची होती, हे मी विसरलेले नाही. तरी कोण काय खातो एवढी चौकशी त्यांनी केली. तुम्ही एका गल्लीत राहून केली नाही.

आता पुढच्या खुर्च्यांवरच्या मान्यवरांनी उठू नये. तुमची गाडी तापलेली आहे, मला दिसतंय. दोन मिनिटं बसा, कारण मुलं हे सगळं तुमच्याकडूनच शिकली.

परवा मी तालुक्याला गेले होते. अतिवृष्टीच्या अनुदानाच्या केवायसीसाठी ऑनलाईन केंद्रासमोर रांग लागली होती. त्या रांगेत या मुलाची माय होती. पायात चप्पल, चपलेचा अंगठा सुतळीने बांधलेला, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार कार्ड आणि पासबुक. तिसऱ्यांदा आली होती. अंगठ्याचा ठसा उमटत नाही म्हणून दोनदा परत पाठवलं. निंदणी-खुरपणी करून रेघा झिजल्या तिच्या, उमटणार कुठून? आपल्या गावातून त्या दिवशी चार मोटारसायकली तालुक्याला गेल्या, मी मोजल्या. ती बसने आली. तिच्यासोबत जाऊन ‘बोटाचं जमत नसेल तर डोळ्याचं घ्या, नाहीतर ओटीपी घ्या’ एवढं बोलणारा एक माणूस गावाला मिळाला नाही. बॅनरवर मात्र चौदा मिळाले.

आणि तिचा बांध. नाव घेत नाही, ज्याचं त्याला माहीत आहे. पोरगा परदेशी गेला आणि यंदाच्या पेरणीत शेजारचा नांगर बांधाच्या अलीकडे आला. तोच माणूस बॅनरवर हात जोडून उभा आहे, वर ‘जय जवान’. म्हातारी भांडायला गेली तर म्हणाला, तुमचा साहेब आल्यावर बघू. त्याने आणि त्याच्या सल्लागारांनी एक गोष्ट कानात साठवून ठेवावी. सैनिकांच्या दाव्यांसाठी १९२५ सालचा कायदा आहे, आजही लागू आहे. सैनिक परदेशी किंवा युद्धाच्या जागी असेल तर त्याच्या मागे दिवाणी आणि महसुली दावा रेटता येत नाही. तसा दाखला आला की सुनावणी थांबवावी लागते, एकतर्फी निकाल लागला असेल तर तो रद्द करून मागता येतो, मुदत मोजताना त्याच्या परदेशातल्या नोकरीचा काळ वगळतात. इंग्रजांनी केलेला असला तरी कायदा शहाणा आहे. मागे शेत कोण कोरतंय ही काळजी घेऊन माणूस पहाऱ्यावर उभा राहू शकत नाही, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. मी स्वतः माउलीला घेऊन जालन्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाणार आहे. त्याआधी नांगर मागे गेला तर माझा बसचा खर्च वाचेल.

शिक्षकांनाही सोडत नाही. १९४९ पासून ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन आहे. आपल्याकडे ते तिकिटाएवढे झेंडे येतात, वरून आदेश आलेला असतो म्हणून आपण मुलांकडून दहा-दहा रुपये ओरबाडतो आणि पगारातून कापले की स्टाफरूममध्ये कुरकुरतो. तो निधी वीरपत्नींना, जवानांच्या मागे राहिलेल्या मुलांच्या शिक्षणाला, अपंग होऊन परतलेल्यांना जातो, हे वर्गात किती जणांनी सांगितलं? संध्याकाळी बाकांखालून झाडूने ते झेंडे गोळा करणारी आपली शिपाई मावशी जास्त जाणते. ती उचलून कपाटात ठेवते.

१४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामाचा हल्ला झाला. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातले दोघे जवान गेले, मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातले नितीन राठोड. त्या आठवड्यात इथल्या प्रत्येकाच्या स्टेटसला मेणबत्ती होती. माणूस गेल्यावर रडायला आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. तो जिवंत असताना त्याच्या घरी पाण्याचा टँकर वेळेवर पोचला का, हे विचारायला मात्र आदेश लागतो.

तर आता कामाचं. खोका रिकामा करा. फराळ आजच तिच्या घरी न्या, तिच्यासोबत बसून खा, आणि पत्ता उतरवून आणा. बुधवारपर्यंत प्रत्येकाने त्याला एक पत्र लिहायचं. ‘वीर जवान तुझे सलाम’ लिहिलेलं पत्र मी फाडून टाकीन. पाऊस किती झाला, कपाशीला काय भाव लागला, विहिरीला पाणी किती, शाळेची कोणती भिंत पडली, तो ज्या बाकावर बसायचा तिथे आता कोण बसतं, हे लिहा. पत्र उशिरा गेलं तरी खवट होत नाही. शंकरपाळ्या मी करून देते, डब्यासकट. केवायसीला गुरुवारी तिच्यासोबत दोघी जणी जातील. मी नावं काढली आहेत, निम्मा दिवस हजेरी लावते. बॅनर उतरवून तिच्या गोठ्याच्या गळक्या पत्र्यावर टाका, चेहरे खालच्या बाजूला.

आणि मान्यवर, धनत्रयोदशीच्या आत बांध जिथे होता तिथे पाहिजे. मोजणीचा नकाशा माझ्याकडे आहे.