पाकीद : समाचार घेणारा

(शास्त्रपाठ : १ शमुवेल २०:१८-२७, यिर्मया २३:१-४)



मंडळीचा ‘अध्यक्ष’ म्हटलें कीं आपल्या मनापुढें सभेंतील मोठी खुर्ची उभी राहते. नव्या करारांत ह्या ठिकाणीं ‘एपिस्कोपॉस’ हा ग्रीक शब्द आहे, इफिसच्या वडिलांस पौलानें निरोप दिला तेथें तोच येतो (प्रे. कृ. २०:२८). जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरकारांनींहि नहेम्याच्या ११ व्या अध्यायांत योएल व उज्जी ह्यांच्या हुद्द्यासाठीं तोच घातला. तेथें मूळ इब्री शब्द ‘पाकीद’ असा आहे, आणि ह्या शब्दांत खुर्ची नाहीं.

पाकीद हा ‘पाकद’ ह्या धातूच्या कुळांतला. मोजणें, नेमणें, सोंपविणें, भेटीस येणें, शासन करणें, इतके त्या धातूचे अर्थ पाहून विद्यार्थी गोंधळतो. मराठी माणसानें मात्र गोंधळूं नये. आपण आजाऱ्याचा समाचार घेतों आणि अपराध्याचाहि समाचार घेतों! यिर्मया २३:२ ह्यांत असेंच आहे. मेंढपाळांनीं कळपाचा समाचार घेतला नाहीं, म्हणून देव त्यांच्या दुष्कर्मांचा समाचार घेणार. दोन्ही ठिकाणीं धातु एकच. पाळकांनीं व उपदेशकांनीं तें वचन कांपत वाचावें.

ह्या धातूचा आणखी एक उपयोग फार गोड आहे. चंद्रदर्शनाच्या भोजनास दावीद येणार नव्हता, तेव्हां योनाथान त्याला म्हणाला कीं तुझी जागा रिकामी दिसेल व तुझी उणीव भासेल. ही उणीव भासणें म्हणजेच ‘पाकद’. मोजतां मोजतां जो सांपडत नाहीं त्याच्यापाशीं येऊन थांबणें.

परंतु ती रिकामी जागा शौलानेंहि पाहिली, आणि त्याच्या हातीं भाला होता. मिसरांतले मुकादमहि मोजीत, पण विटा. यरुशलेमेच्या मंदिरांतील पशहूर हा तर हुद्द्यानें पाकीदच, आणि त्यानेंच यिर्मयाला मारून खोड्यांत घातलें (यिर्मया २०:१, २). योसेफाच्या सल्ल्यांतले पाकीद निराळे (उत्पत्ति ४१:३४). त्यांनीं सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पांचवा हिस्सा घ्यावयाचा होता, तो पुढें येणाऱ्या भुकेसाठीं.

उपदेशक बंधूंनो, रविवारीं आपण हजेरी मांडतां. एखादी बाई तीन रविवार आली नाहीं. तिला ताप असेल. नेसावयास धड लुगडें नसेल. कदाचित् आपल्याच कठोर शब्दानें ती दुखावली असेल. हें हजेरीपटावर लिहिलेलें नसतें. तिच्या उंबऱ्याशीं गेल्यावांचून कळत नाहीं.

तसेंच दिवाळीच्या सुमारास जीं कुटुंबें ऊसतोडीस जातात, त्यांच्या नांवांपुढें आपण रेघ ओढून मोकळे होतों. तेथेंहि त्यांना मोजणारा असतो. तो मुकादम, आणि तो उचल फिटली कीं नाहीं तें मोजतो. निघण्यापूर्वींच त्यांना विचारून ठेवा : कारखाना कोणता, टोळी कोणाची, फड कोणत्या गांवीं. नाताळाच्या आंत मंडळींतल्या दोघांनीं तेथवर जाऊन यावें, आणि एस. टी.चें भाडें मंडळीच्या पेटींतून द्यावें.